उभ्या गाडीतली हवा

दसरा होऊन आठ दिवस झाले होते. भैयाजींनी काठीने दिशा दाखवली आणि मी गाडीवरची ताडपत्री ओढली. पांढरी मारुती ८००. बाहेरून धुळीचा थर आणि मागच्या काचेवर चिकटलेली कडुनिंबाची पाने, यापलीकडे काही नव्हते. दार उघडल्यावर मात्र मी दोन पावले मागे सरलो.

स्टिअरिंगवर राखाडी लव उगवली होती. सीटच्या शिवणींतून निघालेले हिरवट ठिपके पाठीपर्यंत पसरले होते. सीटचा पट्टा पिठात बुडवून काढल्यासारखा पांढरा झाला होता आणि छताच्या कापडावर काळी वर्तुळे एकमेकांत शिरली होती. मी पट्ट्याला बोट लावले तेव्हा धूर उठावा तशी भुकटी उठली. मी श्वास रोखून दार लावून घेतले.

"क्या हुआ, मास्टरजी?" भैयाजींनी विचारले.

"बुरशी आहे. सगळीकडे."

"तो पोंछ डालो! घर की गाडी है. खुशालच्या कामी येईल, आणखी काय पाहिजे?"

भैयाजी आमगावचे तांदळाचे दलाल. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली आणि जूनपासून गाडी गोदामामागे उभी राहिली; अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली, काचा बंद. माझा मोठा भाऊ खुशाल ज्या राईस मिलमध्ये मशीन चालवत असे, तिथला माल भैयाजींनी पंचवीस वर्षे विकला होता. खुशालला गाडीची गरज आहे असे कळल्यावर त्यांनी स्वतःहून किल्ली पाठवली.

गरज अशी होती. त्या वर्षी, म्हणजे २०११ च्या जुलैत, खुशालवर नागपूरला मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाले. मूत्रपिंड आमच्या मायचे होते, डावे. जवळजवळ चार महिने तो, माय आणि अल्कावहिनी रुग्णालयाजवळ एक खोली घेऊन राहिले. दिवाळीनंतर आमगावला परतण्याची परवानगी मिळाली, पण दर पंधरा दिवसांनी तपासणीला येण्याच्या अटीवर. आणि रेल्वेने नाही, बसने नाही. निदान सहा महिने गर्दीत जायचे नाही, मिलकडे फिरकायचे नाही, तोंडावरचा मास्क काढायचा नाही. नवे मूत्रपिंड शरीराने परके समजून नाकारू नये म्हणून जी औषधे देतात, ती शरीराची उरलेली सगळी प्रतिकारशक्तीही दडपतात. हे मी घरच्यांना समजावून सांगितले तेव्हा खुशाल म्हणाला, "म्हंजे चोर येऊ नये म्हणून नाई, चौकीदारानं घरच्या पाहुण्याले मारू नये म्हणून चौकीदारालेच झोपवलं. बराबर का, मास्तर?"

बरोबर होते. माझ्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांपैकी एकालाही ते इतके नेमके सांगता आले नसते.

मी गोंदियाच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. गाडी वापरायची की नाही हा निर्णय त्यामुळे आपोआप माझ्याकडे आला. घरात कोणी दुसरे मत मांडले नाही. "विवेक पाहून घेईल," एवढेच माय फोनवर म्हणाली.

मी पाहून घेतले. गाडी ओढून केवळरामच्या गॅरेजमध्ये नेली. चटया, सीटची कव्हरे आणि छताचे कापड काढून जाळले. आतला प्रत्येक पृष्ठभाग आधी साबणाने, मग ब्लीचिंगच्या पाण्याने, मग स्पिरिटने पुसला. हे तीन दिवस चालले. केवळराम हातात पाना घेऊन उभा होता. तो म्हणाला, "सर, सीटा खोलू का? पण बोल्ट जंगले हायेत. एखादा तुटला तं गोंदियाहून आणा लागंल." खालचा गालिचा कारखान्यातूनच पत्र्याला चिकटवलेला होता, सीट काढल्याशिवाय तो उचलता येत नव्हता. मी नको म्हटले. वरून ब्रशने घासला, तो स्वच्छ दिसला. शिवाय पुढचे काम मी प्रयोगशाळेतल्या पद्धतीने करणार होतो: फॉर्मॅलिनचा धूर देऊन गाडी चोवीस तास बंद ठेवायची, मग आठ दिवस दारे उघडी ठेवून वाफ जाऊ द्यायची.

त्यानंतर मी सहा पेट्री प्लेटा आणल्या. बुरशीला आवडते असे, बटाट्याच्या अर्काचे माध्यम त्यांत ओतलेले होते. दोन पुढच्या सीटवर, दोन मागे, एक पायाशी, एक डॅशबोर्डवर. झाकणे काढून, दारे बंद करून अर्धा तास ठेवल्या. हवेत जे तरंगत असेल ते त्यांवर बसेल आणि उगवेल, हे त्यामागचे तत्त्व. पाच दिवसांनी पाच प्लेटा कोऱ्या होत्या. सहावीवर एकच वसाहत, म्हणजे बुरशीचा एक ठिपका होता, आणि एवढी तर आमच्या प्रयोगशाळेच्या हवेतही असते. मी वहीत तारीख टाकून नोंद केली: गाडी वापरण्यास योग्य.

या सगळ्या कामात मी एक प्रश्न विचारला नाही, आणि तो पहिल्या वर्षाचा प्रश्न आहे. बुरशी हवा खाऊन जगत नाही. एवढी बुरशी चार महिने काय खात होती? मी मनाशी उत्तर गृहीत धरले होते: धूळ, घाम, कापडाची खळ. त्या थराची जाडी आठवली तर हे उत्तर अपुरे आहे हे मला तेव्हाही कळायला हवे होते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खुशाल रुग्णवाहिकेने घरी आला. पहिल्या तपासणीच्या आदल्या दिवशी गाडी दारात उभी केली. केवळरामने मला न विचारता पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधून पाठवली होती. ती मी तोडली.

"राहू द्या ना, भाऊजी," अल्कावहिनी हसून म्हणाली. "लिंबू काय चावून राह्यलं तुमाले?"

"आपल्या घरात हे चालत नाही."

"चालत नाई, पण लटकते तं!" खुशाल म्हणाला. छप्पन सालच्या धम्मदीक्षेपासून आमच्या घरात असले काही चालत नाही हे त्यालाही ठाऊक होते. मला डिवचण्यात त्याला मजा येत असे. ऑपरेशननंतर चेहऱ्यावर सूज होती, पण आवाज जुना परत आला होता. 

माय गाडीत मागे जाऊन बसली. तिचे नाव गीताबाई, वय अठ्ठावन्न, त्यातली तीस वर्षे राईस मिलमध्ये मजुरी. कोंड्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून आत ऊब धरली आहे का, हे सांगणे तिचे काम असे. ऊब धरलेला कोंडा तेलाच्या कारखान्यातून परत येतो. सगळ्या मिलमध्ये तिच्या हाताचा आणि नाकाचा शब्द शेवटचा होता.

तिने सीटवरून हात फिरवला. मग म्हणाली, "विवेक, कोंडा गरमल्यावानी वास येऊन राह्यला."

"फॉर्मॅलिनचा वास आहे, माय. औषध मारलं आहे."

"औषधाचा येऊनच राह्यला. त्याच्या खाली हाय म्हनतो मी. आंबट, तेलकट."

मी वाकून हुंगले. मला काही आले नाही. फॉर्मॅलिनने माणसाचे नाक बधिर होते आणि मी दोन आठवडे त्यातच वावरत होतो. हेही मी वर्गात शिकवतो.

"तपासलं आहे. प्लेटा स्वच्छ आल्या. वासावरून काही ठरत नसतं."

"माया नाकावरून मिलात सारंच ठरे," ती म्हणाली, पण उतरली, आणि विषय संपला. त्या दिवशी मी गाडीतून दोन गोष्टी बाहेर टाकल्या. केवळरामचे लिंबू, आणि मायचे वाक्य. दोन्ही एकाच हाताने.

देवरी, साकोली, भंडारा अशा रस्त्याने नागपूरला चार तास लागत. धूळ नको म्हणून मी काचा बंद ठेवत असे आणि पंखा चालू. साकोलीपर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा होता. गाडी हाडे मोजत चाले. खुशाल माझ्या शेजारी, माय मागे. मास्कने गुदमरते म्हणून तो अर्ध्या वाटेत मास्क खाली ओढी, आणि गाडीतली हवा मी तपासलेली असल्यामुळे मी त्याला ओढू देत असे.

दोन फेऱ्या उत्तम गेल्या. तपासणीत क्रिएटिनिन एक पूर्णांक एक. डॉक्टर मायला म्हणाले, "आजी, तुमचं मूत्रपिंड तरुण पोराला लाजवेल असं चाललंय." माय लाजली. परतताना तिने खुशालला हा निरोप दोनदा ऐकवला.

तिसऱ्या फेरीच्या आधी त्याला कोरडा खोकला लागला. डॉक्टरांनी रीतीप्रमाणे विचारले: घरात बांधकाम चालू आहे? धान्य साठवले आहे? जुना कूलर, ओल? मी प्रत्येकाला नाही म्हटले आणि वर स्वतःहून सांगितले की प्रवासाची गाडी निर्जंतुक केलेली आहे, नोंदी माझ्याकडे आहेत. त्यांनी कौतुकाने मान हलवली. कागदावर लिहिले गेले: संपर्काचा इतिहास नाही. थंडीचा खोकला समजून औषध दिले, आणि मी खुशालला त्याच गाडीतून घरी आणले. 

पुढच्या फेरीला, डिसेंबरच्या अखेरीस, साकोलीजवळ त्याने रुमालात पाहिले आणि रुमाल घडी घालून खिशात ठेवला.

"काय आहे?"

"काई नाई. तू गाडी चालव."

रक्त होते. त्या दिवशी त्याला भरती केले. छातीच्या चित्रात उजव्या फुप्फुसात दोन गाठी दिसल्या. दुर्बिणीने काढलेल्या द्रवात बुरशी सापडली. प्रत्येक शेतात, प्रत्येक पोत्यात असणारी, जिचे शेकडो बीजाणू निरोगी माणसाने रोज श्वासात घेऊन विसरावेत अशी. मी आणि माय तीच हवा घेत आलो होतो. आम्हाला शिंकही आली नव्हती.

डॉक्टरांनी मला आणि वहिनीला बसवून पर्याय सांगितले. बुरशीवरचे औषध चालू होते, पण शरीराने साथ दिल्याशिवाय ते पुरणार नव्हते. शरीराने साथ द्यायची तर दडपणारी औषधे कमी करावी लागणार. ती कमी केली तर मूत्रपिंड जाण्याची शक्यता मोठी.

"माणूस वाचवा," वहिनी म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही.

माणूस वाचला. जानेवारी संपेपर्यंत मूत्रपिंड गेले.

मी भैयाजींकडे किल्ली परत द्यायला गेलो तो त्याच आठवड्यात. ते गादीवर बसले होते. समोर एका मिलवाल्याने नमुन्याची पुडी ठेवली होती. भैयाजींनी मूठभर तांदूळ तळहातावर घेतले, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चोळले, चार दाणे तोंडात टाकून दातांखाली फोडले. "नमी ज्यादा है," ते म्हणाले. आणि मुठीतले उरलेले तांदूळ, बोलता बोलता, गादीशेजारच्या डब्यात सोडले. पुडीत परत नाही.

"ते परत का नाही टाकत?" मी विचारले. निव्वळ काहीतरी विचारायचे म्हणून.

"अरे मास्टरजी, हाताळलेला नमुना पुडीत गेला की समोरचा म्हणतो, दलालाने माल बदलला. पचास साल का धंदा है."

"मग फेकून..."

"अन्न आहे! रस्त्यावर फेकायचं? लोकांच्या पायाखाली?" त्यांनी कानाला हात लावला. "डब्यात ठेवतो, चिमण्यांना जातं."

मी किल्ली त्यांच्या समोर धरली होती. ती मी खाली ठेवली नाही.

"आणि गाडीत असताना?"

"गाडीत डब्बा कुठे? मिल-मिल फिरायचं, दिवसाला दहा नमुने. सीटच्या खाली सोडून द्यायचो." ते हसले. "तेरा साल चली है गाडी. बोरा निकलेगा नीचे से."

मी त्यांच्याकडून गाडी आणखी आठ दिवसांसाठी मागून घेतली. केवळरामने बोल्ट तोडले. सीटा बाहेर काढून गालिच्याची कड धरून ओढली तेव्हा ती फाटल्यासारखा आवाज करत सुटली. सीटच्या रुळांसाठी गालिच्यात पाडलेल्या फटींतून तेरा वर्षे सांडत गेलेल्याची खाली बोटभर जाडीची ढेप होती. तांदूळ, कणी, कोंडा, कुठून तरी झिरपलेले पावसाचे पाणी, आणि या सगळ्याला बांधून ठेवणारी बुरशीची पांढरी जाळी. वरच्या बाजूला निळसर हिरवी साय. जिथे सीटचे रूळ होते तिथे ढेप दोन्ही बाजूंनी खचून तिचा भुगा झाला होता. प्रत्येक खड्ड्यागणिक रुळाने ती दळली होती. फॉर्मॅलिनची वाफ पृष्ठभागापुरती काम करते. ढेपेत ती शिरलेली नव्हती. 

केवळरामने नाकाला फडके लावले. "सर, हे तं कोंडा गरमल्याचा वास," तो म्हणाला.

उरले होते ते मी पद्धतशीर केले. गालिचा परत पसरला, सीटा जागेवर ठेवल्या. सहा प्लेटा गाडी उभी असताना, पंखा बंद ठेवून. सहा प्लेटा पंखा चालू ठेवून, देवरीच्या रस्त्यावर, अर्धा तास. पहिल्या सहांवर मिळून तीन वसाहती आल्या. दुसऱ्या सहांवर मोजता आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीच माध्यम दिसेनासे झाले. त्यांतली निळसर हिरवी बुरशी मी वेगळी काढून पंचेचाळीस अंशांवर वाढवून पाहिली. बहुतेक बुरश्या त्या उष्णतेत तग धरत नाहीत; ती वाढली. खुशालच्या फुप्फुसात सापडलेली जातही त्या तापमानाला वाढते.

यावरून काय सिद्ध होते? काटेकोरपणे पाहिले तर फारसे नाही. ती जात सर्वत्र असते. खुशालला ती रुग्णालयातही लागली असेल, घरी उशीतूनही. एका रुग्णावरून कारण ठरवता येत नाही. दोन्ही नमुने एकाच वंशाचे आहेत हे तपासण्याची सोय माझ्याकडे नव्हती. हे सगळे खरे आहे. मी ते स्वतःला रोज सांगत होतो, आणि घरी काहीच सांगत नव्हतो. वहीचे ते पान उलटले की पुढचे पान कोरे होते.

फेब्रुवारीपासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले. नागपूरला रेल्वेने. दडपणारी औषधे बंद झाल्यामुळे गर्दीची मनाई उरली नव्हती. आता जपायचे असे काही त्याच्या पोटात नव्हते. खुशाल सकाळच्या पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसे, शेंगा विकत घेई आणि पाणी प्यायचे नाही म्हणून नुसताच चघळत राही. वजन अकरा किलोने उतरले होते.

मार्चमधल्या एका फेरीला वहिनीला बरे नव्हते म्हणून माय सोबत आली. आमगाव सोडल्यावर ती कुणाशी तरी बोलत होती, समोरच्या बाकावरच्या, ओळखीच्या एका बाईशी. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

"मंग दुसऱ्याची घ्यायची होती, बाई," ती बाई म्हणत होती. "म्हातारीची किडनी किती दिवस चालंल?"

"आता काय करू," माय म्हणाली. "डॉक्टर तं चांगली म्हने. पण मायाच माल हलका निघाला. मिलात तीस वर्सं दुसऱ्याचा माल पारखला, आन् आपला..." तिने पदराने तोंड पुसले. "पोराले खोटा माल देल्ला म्या."

हे तिने नव्याने शोधलेले वाक्य नव्हते. ते वापरून गुळगुळीत झालेले होते. खुशाल खिडकीबाहेर पाहत होता, म्हणजे त्यानेही ते पूर्वी ऐकले होते. दोन महिने घरात हे वाक्य फिरत होते आणि मी वही मिटून बसलो होतो.

गोंदियाला ती बाई उतरली. गाडी बराच वेळ उभी राहिली. मी मायच्या शेजारी जाऊन बसलो.

"माय, तुझी किडनी खराब नव्हती."

"राहू दे, बापू."

"ऐकून घे. शेवटच्या दिवसापर्यंत ती बरोबर काम करत होती. औषध कमी केलं म्हणून ती गेली. तिचे सगळे रिपोर्ट आहेत. हे सिद्ध आहे." सिद्ध या शब्दापुढचा भाग मला सवयीने बोलता येत नव्हता. "औषध कमी करावं लागलं बुरशीमुळे. आणि बुरशी बहुतेक भैयाजींच्या गाडीतून आली. गालिच्याखाली तांदूळ होते. तेरा वर्षांचे. मी खाली पाहिलं नाही. तू सांगितलं होतंस वास येतो म्हणून."

डब्यात भेळवाला शिरला आणि ओरडत निघून गेला.

"भैयाजीच्या गाडीत तांदूळ राह्यते, हे तं मिलातल्या उंदरालेबी मालूम होतं," खुशाल खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाला. "मी सोता झाडून देल्ली हाय ते गाडी दोनदा. तू मले इचारलं काऊन नाई?"

"तू सांगितलं काऊन नाई?"

"तू प्लेटा आणल्या होत्या ना," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. "मले वाटलं, प्लेटात दिसत असंल."

मग त्याने शेंगांचा पुडा उघडला आणि एकेक शेंग फोडत बसला.

माय बराच वेळ आपल्या डाव्या कुशीवर, जिथे व्रण आहे तिथे, लुगड्यावरून हात ठेवून बसली होती. पोत्यात हात घालून ऊब पाहावी तशी. तुमसर गेल्यावर तिने विचारले, "कागद हाय म्हनतो ना? किडनी चांगली होती म्हून?"

"आहे."

"मराठीत लिहून दे मले त्यातलं. सही करून."

मी वही काढली. कोऱ्या पानावर तारीख टाकली आणि लिहिले: गीताबाईंनी दिलेले मूत्रपिंड अखेरपर्यंत निर्दोष होते. ते वाया जाण्याचे कारण त्यांच्याकडचे नव्हते. पेन थांबले. माय वाचू शकत नाही, पण पानावर ओळी किती आहेत ते पाहत होती.

"कोनाकडचं होतं, तेबी लिही," ती म्हणाली.

मी माझे नाव लिहिले. ‘बहुतेक’ हा शब्द घातला नाही. खाली सही केली, पान फाडून तिच्या हातात दिले. तिने ते चार घड्या घालून कनवटीला खोवले आणि खुशालच्या हातातल्या शेंगांची टरफले उचलून आपल्या पदरात घेतली.